न फुंकता घेतलेलं युफोनियम

माझ्या नवऱ्याचे वरचे पुढचे तीन दात गेले तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. एक बैलाचं शिंग लागून पडला, दोन आपोआप. शहाद्याला आमच्या घरचा बँड होता. त्यात तो ट्रंपेट वाजवायचा. ट्रंपेटचं तोंड बारीक. ते ओठांवर दाबायचं तर मागे दात लागतात, नाहीतर नुसती हवा निघते. बँड चालवायचे माझे जेठ, म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्यांनी सरळ सांगून टाकलं की या लग्नसराईपासून तू गॅसबत्ती धर. वाजवणाऱ्याला मांडवात पंगतीला बसवत. बत्तीवाल्याला बाहेर ओट्यावर पत्रावळ मिळे. नवऱ्याचं जेवण कमी झालं, आणि उपाशी माणूस घरात वावरला की मला राग येतो.

मग कुणीतरी सुचवलं की त्याला युफोनियम द्या. ते मांडीवरच्या मुलासारखं धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. त्याचं तोंड रुंद असतं, ओठांवर फार दाबावं लागत नाही. माझं माहेर नंदुरबारचं. तिथे आमच्याच गल्लीतला एक म्हातारा बँडमास्तर धंदा बंद करत होता, त्याच्याकडे दोन युफोनियमं होती. जेठ, नवरा आणि मी, आम्ही तिघं प्रकाश्याला तापी ओलांडून तिकडे गेलो.

एक युफोनियम आरशासारखं चकचकीत, कर्ण्यावर वेलबुट्टी. दुसरं काळवंडलेलं, पोटाला पोचा. मास्तर म्हणाला, फुंकून बघा. जेठांनी हात आडवा केला. आमच्या घरची रीत अशी की नवं वाद्य पहिल्यांदा देवीच्या ओट्यावरच वाजलं पाहिजे. दुसऱ्याच्या घरात फुंकलं तर आवाज तिथेच राहतो म्हणे. मास्तर इतकी वर्षं त्याच घरात फुंकत होता, मग आत शिल्लक काय राहिलं असेल, हे मला विचारायचं होतं. पण त्या काळी जेठांशी बोलायचं नसे. मी पदर ओढून आतल्या दाराशी मास्तरच्या बायकोजवळ बसलेली. नवरा पाणी प्यायला आला तेव्हा त्याच्या कानात सांगितलं की एकदा तोंड लावून तरी बघा. तो म्हणाला, भाऊ बघतोय ना.

भाऊ बघतच होते. त्यांनी चकचकीत वाद्य अंगठीने टिचकावलं, हातात तोललं, त्यात स्वतःच्या मिशा बघितल्या. लग्नघरचे लोक आधी पितळ बघतात, म्हणाले. मास्तर दोनदा बोलला की मी स्वतः ते काळं वाजवत होतो. जेठांना वाटलं, म्हातारा वाईट माल गळ्यात मारतोय. चकचकीत घेऊन आम्ही परतलो.

देवीच्या ओट्यावर नारळ फुटला, गल्ली जमली, नवऱ्याने गाल फुगवले. भात्यातून निघावी तशी फुसफुस. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. पोरं हसली. जेठ म्हणाले, दात नाहीत, काय करणार. आणि दुसऱ्या दिवशी बत्ती पुसायला सांगितली.

मला ते पटेना. आम्ही बाया घागर घेतो तेव्हा पाणी भरून बघतो, नुसतं टिचकावून नाही. मी वाद्य परसात नेलं, फुंकायच्या तोंडात चिंधी कोंबली आणि कर्ण्यातून तांब्या तांब्याने पाणी ओतलं. खालच्या वळणातून पाणी झिरपायला लागलं. चिरेत मेण भरून वर पॉलिश मारलं होतं. मास्तरला माहीत होतं की नाही, देव जाणे. मी ते तसंच ठिबकत नेऊन जेठांच्या खाटेपुढे ठेवलं आणि त्यांना ऐकू जाईल असं नवऱ्याला म्हटलं, “तुमनं तोंड ठीक शे. पितळ फुटेल शे. सांगा तुमना भाऊले.”

त्याने सांगायची गरज नव्हती. पायाशी साचणारं पाणी बघून जेठांनी पाय खाटेवर घेतले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले की उद्या परत जाऊ.

या खेपेला ते मास्तरच्या घरात आलेच नाहीत. बाहेर गल्लीत उभे राहिले. आत कुणी फुंकलं तर मला ठाऊक नाही, असं आधीच बजावून ठेवलं. नवऱ्याने चकचकीत वाद्य मास्तरपुढे ठेवलं आणि काळं युफोनियम मांडीवर घेतलं. पहिल्यांदा हवाच गेली. त्याच्या कपाळाला घाम आला. मास्तरने त्याची हनुवटी थोडी खाली केली. मग म्हैस हंबरावी तसा जाड आवाज निघाला, पण सरळ निघाला, हलला नाही. मी दुखतंय का विचारलं, तर उत्तर द्यायला त्याने तोंड काढलं नाही.

तेवढ्यात जेठ दारात आले. पोच्यावरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि भावाला म्हणाले, “बँडमा दुसरी रांगमा उभा ऱ्हाय. पोचा पोटकडे ठेव.”