उलट्या काचेवरचा सरळ नंबर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याला भक्कम कारण आहे — परभणी स्टेशन ते बाजारपेठ या टापूतली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. चिंचेखालची पांढरी बाई माझी. विहिरीत घुंगरं वाजवणारा मुनीम माझा. फोटोचा स्टुडिओ चालवणाऱ्याला गिऱ्हाईक हलू नये म्हणून काहीतरी सांगत बसावं लागतं, त्यातून ही खोड लागली. त्यामुळे माझ्या आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, खरा प्रकार घडला... आणि त्यावर एकाही शहाण्याचा विश्वास बसला नाही. याचा मला आजही संताप येतो.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. पिंगळी स्टेशनवर उतरून बैलांच्या दमणीनं अर्धा तास गेलं की एक गाव लागतं. तिथल्या देशमुखांनी कापसाच्या रिकाम्या गोदामात स्वतःचा अजायबखाना मांडला होता — पेंढा भरलेली मगर, तीन पालख्या, काटे नसलेलं घड्याळ, आणि मधोमध फौजेनं मोडीत काढलेली एक चिलखती मोटार. जाड पोलादी पत्रा, ओळीनं ठोकलेले रिबिटाचे खिळे, वर बंदुकीसाठी गोल बुरूज. पंधरा वर्षं जागची हलली नव्हती.

तिची देखभाल वीरभद्राप्पा करत. साठी ओलांडलेले, गळ्यात लिंग. सकाळची पूजा आटोपली की उरलेलं भस्म घेऊन येत आणि मोटारीच्या दाराशेजारी तीन आडवी बोटं ओढत. आधीच्या थोरल्या लढाईत हीच मोटार आपण वाळवंटात हाकली, असं ते सांगत. गाव माना डोलवायचं.

मान डोलवली नाही ती देशमुखांच्या पुतण्यानं. रंगनाथराव हैदराबादेत शिकलेले. त्यांच्याजवळ मोटारींच्या चित्रांचं इंग्रजी पुस्तक होतं. रिबिट मोजून आणि चाकांचे आरे बघून ते कुठल्याही मोटारीची जात सांगत. त्यांनी जाहीर केलं, की या जातीची एकच मोटार त्या लढाईवर गेली, आणि तिचा नंबर सिकंदराबादच्या एका अंमलदारानं त्यांना पत्रानं कळवलाय. ही ती नसेल, तर मोटार जाईल मानवतच्या भंगारवाल्याकडे आणि वीरभद्राप्पा जातील घरी. पंधरा वर्षं खोटं सांगणारा माणूस त्यांना गोदामात नको होता. देशमुख पेचात पडले. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पुस्तकाशी ताडून बघू, असं त्यांनी ठरवलं, म्हणून मला बोलावणं आलं.

भर दुपार. गोदामाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे, ऊन मोटारीच्या दारापर्यंत आलेलं. रंगनाथराव अंगात कोट घालून, घामानं निथळत उभे. नंबर दाराशेजारच्या लोखंडी पट्टीवर कोरलेला असतो, भस्म पुसा, असं त्यांनी फर्मावलं. आप्पांनी उपरण्यानं पट्टी पुसली.

पट्टी कोरी. मी स्वतः अंगठा फिरवला. नखाला अडेल अशी एक रेघ नाही.

"काय आप्पा, नंबर वाळवंटात सांडला का?" रंगनाथराव म्हणाले.

"मला वाचता येत न्हाई, धाकटे मालक. पन हिचा आवाज मी वळखतो."

रंगनाथराव माझ्याकडे वळले. "आवाजाचा फोटो निघतो का हो?"

एरवी असा टोमणा मीच मारला असता. पण आप्पा ती कोरी पट्टी उपरण्यानं पुन्हा पुन्हा पुसत होते, आणि माझं डोकं तापलं. तापल्या डोक्यानं काळ्या पिशवीत हात घालून कॅमेऱ्याच्या काचा भरू नयेत. सहावी काच उलटी बसली, मसाल्याची बाजू मागं. अशा काचेवरचं चित्र आरशातल्यासारखं येतं — डावं ते उजवं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात ही चूक मी पहिल्यांदा केली. त्याच काचेवर मी आप्पांना दारापाशी, पट्टीवर हात टेकून उभं केलं. "हात जरा खाली घ्या," म्हणालो, आणि झाकण काढलं.

परभणीत काचा धुतल्या. पाच ठीक. सहावीची छपाई केली तर मोटार उलटी, आप्पा उलटे, उपरणं दुसऱ्या खांद्यावर. आणि पट्टीवर नंबर. २४७. इंग्रजी आकडे, ठसठशीत... आणि सरळ.

पट्टीवर नंबर असता तरी तो या फोटोत उलटा यायला हवा होता. मी दोन कप चहा प्यायलो आणि पुन्हा बघितलं. सरळच.

मी तस्साच देशमुखांचं गाव गाठलं. रंगनाथरावांनी खिशातलं पत्र उघडलं. २४७. पत्र आणि फोटो शेजारी धरून त्यांनी तीनदा बघितले, तो क्षण मी आजही चघळतो. मग त्यांनी विचारलं, चित्र उलटं का? मी मूर्खासारखी खरी चूक सांगून टाकली.

"म्हणजे आकडे तुम्ही नंतर टाकले," ते म्हणाले.

मी. मी टाकले. पत्र यांच्या खिशात, खिसा यांच्या कोटात, कोट यांच्या अंगात, आणि नंबर म्हणे मी चोरला. मी भिंग देशमुखांच्या हातात दिलं आणि दाखवलं, की वरच्या रिबिटाची सावली साताच्या आकड्यावर पडलेली आहे. काचेवर खरडलेल्या आकड्यावर सावली पडत नाही. देशमुखांनी बराच वेळ निरखलं. मग म्हणाले, मोटार राहील, आप्पाही राहतील. मी छाती फुगवली, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची थाप यावेळी सत्कारणी लागली."

आप्पा मला दमणीपर्यंत पोचवायला आले. फोटो त्यांनी अजून पाहिला नव्हता.

"शेवटच्या आकड्याला खाली शेपूट हाय का?" त्यांनी विचारलं.

होती. साताचा पाय खाली वाकडा घसरला होता. मी त्याबद्दल कुणाशीही बोललो नव्हतो.

"छन्नी घसरली व्हती तितं," आप्पा म्हणाले. "मोटार हितं आली त्याच साली फौजेचा मानूस आलता. चुकून लिलावात गेली, नंबर बघून परत न्यायची, तोडायची म्हनला. त्यो यायचाय हे आदल्या दिवशीच कळलं, तवा मीच कानस घिऊन नंबर घासला."

हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"चोरून घासला म्हनून सांगू, आन वर खरं बोलायलोय म्हनू? कोन मानलं असतं, फोटूवाले?"

त्यानंतर मी दहा काचा मुद्दाम उलट्या भरून बघितल्या, त्याच जागी, त्याच उन्हात. प्रत्येक वेळी कोरी पट्टी. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि होईलसं वाटत नाही.

ती काच माझ्या कपाटात आहे. मी कुणालाही दाखवतो. बघणारा आधी काच उन्हात धरतो, मग ती खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघतो... आणि हसायला लागतो.