फोटोत काय निघालं

खानदेशात एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नाही, फोटो म्हणतात. आणि फोटोत काही दिसत नाही, निघतं. काय निघालं, काही निघालं का, मागच्या फोटोत तर काहीच निघालं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं मी हेच ऐकलं. सकाळी विभागाचं दार उघडायच्या आधी लोक बाकावर येऊन बसलेले असत. माझी पर्स खांद्यावरून उतरायच्या आत कुणीतरी विचारी, "बाई, काय निंघनं?" अहो, अजून काढलाच नाही तर निघेल कुठून! पण असं उलट बोलण्याचं त्राण पहिल्या काही वर्षांतच संपलं. पुढेपुढे मी नुसती मान हलवून आत जाई.

मी हाडांची रेडिओलॉजिस्ट. हाडं आणि सांधे यांचेच फोटो वाचणारा वेगळा डॉक्टर असतो, हे ऐंशीच्या दशकात जळगावात कुणाला सांगून पटत नसे. हाड मोडलंय की नाही हे सांगायला एवढं शिकायला लागतं का, असं आमच्या नात्यातल्या एका वकिलांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. सासरचं घर जळगावला पिंप्राळ्यात आणि नोकरी धुळ्याच्या कॉलेजात. आठवडाभर देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं, शनिवारी दुपारी एसटीनं जळगाव गाठायचं, रविवारभर घरातलं साठलेलं सगळं उपसायचं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. एरंडोल-पारोळ्याच्या त्या रस्त्यानं माझ्या पाठीचं जे व्हायचं ते झालं.

उरलेलं शिशाच्या एप्रननं केलं. मणक्यात औषध सोडून फोटो काढायचे असले की तो एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागे. संध्याकाळी खोलीवर आले की मी आधी जमिनीवर आडवी व्हायची आणि मग स्टोव्ह पेटवायची. सासूबाईंना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी मी खुर्चीत बसून फोटो बघत होते. "बसूनच तर असतेस," असं त्या अगदी सहज म्हणत, वाईट हेतूनं नव्हे, आणि म्हणूनच ते जास्त लागे. एकदा कंटाळून मी माझ्याच पाठीचा फोटो काढून घेतला. मणके एकदम सरळ, कुठे काही नाही. मी तो कुणालाही दाखवला नाही. काही निघालं नाही म्हटल्यावर दाखवणार काय?

त्याच सुमारास मी संशोधनाच्या मागे लागले होते. बढतीसाठी पेपर लागतो, हे एक कारण होतंच. पण खरं कारण बाकावरच्या बायका. धुळे, शिंदखेडा, साक्रीकडून कंबर धरून येणाऱ्या बायकांना अंत नव्हता. पाणी, सरपण, चाऱ्याचे भारे, कापसाची वेचणी. मी त्यांचे फोटो गोळा करायला लागले. रविवार घरी आणि बाकीचे दिवस त्या फिल्मा, असं बरंच चाललं. शेवटी हिशेब मांडला तर बहुतेकींच्या फोटोत काहीच नव्हतं. मला तेच महत्त्वाचं वाटलं. इतक्या बायका वाकून चालतात आणि फोटो त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, ही काय साधी गोष्ट आहे? एका परिषदेत मी हे मांडलं. अध्यक्षस्थानी बसलेल्या ज्येष्ठ सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, कष्ट खूप घेतलेत. पण यात निघालं काय?" सभागृह हसलं. त्यांना खानदेशी येत नव्हतं, तरी शब्द तोच. तो पेपर कुठे छापून आला नाही. मी एका दुर्मीळ गाठीवर चार पानं लिहिली, त्यावर बढती मिळाली.

नव्वदनंतरचा एक उन्हाळा. नरडाण्याच्या बाजूच्या खेड्यातून एक कुटुंब आलं होतं. सासू, सून आणि मुलगा. सून विशी-बाविशीची, कंबरेवर हात ठेवून दाराशी उभी. सासू हडकुळी, उन्हानं काळवंडलेली, तोंडाची फटकळ. अस्थिरोग विभागाची चिठ्ठी माझ्या हातात देतानाच तिनं निकाल सांगून टाकला, "बाई, नीट देखा. आते बी काही निंघनं नही तं हिले बापना घर सोडी देसूत." आता तरी काही निघालं नाही तर हिला माहेरी पोचवणार. दोनदा गावातल्या डॉक्टरकडे नेलं, पैसे गेले, ही काही पाणी भरत नाही, वाकत नाही, ढोंग करते. मुलगा हे ऐकत होता आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघत होता. मग तो चहा प्यायला निघून गेला.

टेक्निशियन रजेवर होता, म्हणून फोटो मलाच काढायचा होता. मी मुलीला टेबलावर निजवलं. श्वास धर, हलू नको, एवढंच मी बोलले. मला दुसरं काही बोलायचं नव्हतं. मागे रांग होती, पंखा बंद होता आणि एप्रनखाली ब्लाऊज भिजला होता. ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, काहीतरी निंघू द्या."

रोग नको म्हणून देवाला हात जोडणारी माणसं मी रोज बघत होते. रोग निघावा म्हणून माझ्याकडे गयावया करणारी ती पहिली. पहिली म्हणजे, तोंडानं बोलून दाखवणारी पहिली.

फिल्म ओलीच दिव्यावर लावली. सुंदर मणके होते, विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवावेत असे. मी भिंग घेतलं. कडा पाहिल्या, सांधे पाहिले, तिला पुन्हा निजवून तिरका फोटो काढला, तोही पाहिला. एखाद्या धडधाकट मणक्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. आपण एका पोरीच्या अंगात मोडतोड शोधतोय आणि ती सापडत नाही म्हणून हळहळतोय, हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली. तरीही मी आणखी एकदा पाहिलं.

रेडिओलॉजिस्ट नातेवाइकांशी बोलत नाही. तो रिपोर्ट लिहितो, बोलायचं काम दुसऱ्या डॉक्टरांचं. पण 'नॉर्मल' हा शब्द त्या घरात काय करणार होता ते मला स्वच्छ दिसत होतं. मी बाहेर आले आणि सासूला समजावायला लागले. अक्का, या फोटोत फक्त हाड दिसतं. नस दिसत नाही, मणक्यामधली गादी दिसत नाही, स्नायू दिसत नाही. त्याची मशीन मुंबईला आहे. फोटो चांगला आला म्हणजे दुखत नाही असं होत नाही. मी बराच वेळ बोलले. विद्यार्थ्यांपुढे सुद्धा मी इतक्या पोटतिडकीनं बोलत नसे.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग मना बी काढा. माले बी दुखस. मना कोनी काढा नही."

हे तिनं मला खोटं पाडायला म्हटलं होतं. माझंही दुखतं, माझा फोटो कधी कुणी काढला नाही, काढला तरी काही निघणार नाही, मी करते का असलं नाटक? असा तो सूर. मी वाद घालून थकले होते, फोटो काढणं सोपं होतं. शिवाय बाकावरून उठताना ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, थांबून उठली होती, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. चिठ्ठीवर अस्थिरोग विभागातून सही आणवली आणि तिला टेबलावर घेतलं. तिला धड उताणं झोपता येईना.

तिचा फोटो सुनेच्या फोटोशेजारी दिव्यावर लावला. भिंग लागलंच नाही. कंबरेच्या वरचा मणका पुढून चेपला होता, पाचरीसारखा. जुना, कधीतरी मोडून तसाच जुळलेला. ह्या पाठीनं तिनं पाणी भरलं होतं, भारे वाहिले होते. मी तिला आत बोलावून बोट ठेवून दाखवलं. हा बघा, हा मणका मोडला होता.

"मोडेल शे?" तिनं विचारलं.

"हो."

तिचा चेहरा उजळला. तशी उजळलेली माणसं मी परीक्षेच्या निकालाला पाहिली आहेत. ती दाराकडे वळली. सून तिथेच पिशवी घेऊन उभी होती, तिच्यामागे रांग. म्हातारी रांगेला ऐकवत म्हणाली, "आयकं? मना मनका मोडेल शे. तरी मी बठ्ठं काम करस. आनि हिनं काहीच निंघनं नही!"

मोडक्या मणक्यानं ही सगळं काम करते आणि सुनेचं तर काहीच निघालं नाही! जिला वाचवायला म्हणून मी एवढं बोलले होते, तिच्याविरुद्धचा पुरावा मीच तिच्या सासूच्या हातात दिला होता. आता काय सांगू, कुणाला सांगू? मी खुर्चीत बसले. मला सरळ रडायला येत होतं आणि दारात पुढचे पेशंट डोकावत होते.

सुनेनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर भांडेल. ती सासूच्या मागे गेली, लुगड्यावरून पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कथं दुखस, माय?"

कुठं दुखतं. त्या खोलीत सकाळपासून हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मीही नाही.

"सोड," म्हातारी फणकारली. पण सुनेनं हात काढला नाही. ती बोटांनी हळूहळू चाचपत होती. एका जागी म्हातारीनं दातांवर दात दाबले. मुलीनं विचारलं, कधीपासून? मग सासू बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात. कापसाच्या गाडीवरून ती पडली होती. "हाऊ पोऱ्या पोटम्हा व्हता." हाच मुलगा तेव्हा पोटात होता. पडली तशी उठली, कारण संध्याकाळच्या भाकरी करायच्या होत्या. तेव्हा तिच्याही सासूनं म्हटलं होतं, ढोंग करते. एवढं सांगून ती थांबली. आपल्याच तोंडून निघालेला शब्द तिला ऐकू आला असावा. तिनं सुनेकडे पाहिलं, मग दिव्यावरच्या दोघींच्या फोटोंकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात मुलगा आत आला, चहा पिऊन. "काय निंघनं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलली. "दोन्हीस्नं निंघनं. सारखंच निंघनं. आते पानी तू भर."

दोघींचं सारखंच? अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.