प्रसादातला काजू

८ ऑगस्ट. मी काजूच्या बिया फोडत होते. एका हाताने बी पात्यात धरायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा, पायाने पट्टी दाबायची. बी उकलली की गर एका घमेल्यात, टरफल दुसऱ्यात. टरफलातून काळा चीक निघतो, त्याने कातडी सोलवटते. म्हणून हाताला आधी खोबरेल लावायचं, वर राख चोळायची. तरी तळवे काळे ते काळेच. लग्नाला जा, बारशाला जा, बघणाऱ्याला कळतं, ही काजूच्या कारखान्यातली.

त्या दिवशी श्रावणातली पौर्णिमा. दुपारी मालकाने गोडाऊनमध्ये सत्यनारायण घातला. दरवर्षी घालतो. आम्ही बायका मागे रिकाम्या पोत्यांवर बसलो. मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने शिरा वाढला. वर काजूच्या पाकळ्या. आम्हीच फोडलेल्या.

"पोटभर घ्या गो, लाजू नका," त्या म्हणाल्या.

मी घेतला. शिरा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग सुटी झाली आणि आम्ही गेटवर रांगेत उभ्या राहिलो.

आमच्या गेटवर रोज तपासणी होते. पिशवी, डबा, पदर. आणि शेवटी तोंड. काजू खाल्ला का ते बघायला मोबाईलची बॅटरी लावून तोंडात बघतात. गाडी भरणारे हमाल पण याच गेटातून जातात. त्यांच्या तोंडात कोणी बघत नाही. ते पुरुष.

बघणारा सुपरवायझर महेश. आमच्याच वाडीतला. देवळात भेटला तर मला काकी म्हणतो. गेटवर काकी नसते.

"ए, पुढे हो. आ कर."

मी आ केलं.

"जीभ वर."

जीभ वर केली.

"दाढेत काय आहे?"

"प्रसाद."

"प्रसाद सगळ्यांनी खाल्ला. तुझ्याच दाढेत कसा राहिला?"

"दाढ किडलेली आहे. अडकतं."

"थुंक. हातावर थुंक, बघू दे."

मालक गाडीजवळ उभा होता. पूजेला आलेले पाहुणे होते सोबत. त्याने ऐकलं. जवळ आला नाही. तिथूनच म्हणाला, "जाऊ दे रे महेश, आज सणाचा दिवस. यांना सवयच असते."

पाहुणे हसले.

मी थुंकले. काळ्या तळव्यावर पांढरा तुकडा, त्याला चिकटलेला रवा. महेशने बॅटरी खाली धरली, वाकून बघितलं. रवा दिसला.

"जा," म्हणाला.

चुकलो म्हणाला नाही. त्याच्या मनातही आलं नसेल. मागची बाई पुढे सरकली. "आ कर."

घरी जाताना सडा तुडवत जावं लागतं. कातळच कातळ, वर पावसाने उगवलेलं गवत. माझ्या बरोबर नलू होती. ती माझ्याच शेजारच्या मशीनवर बसते. वयाने लहान, तोंडाने मोठी.

"थुंकलीस कशाला?" ती म्हणाली.

मला राग आला. "तू काय केलं असतंस?"

"मी पण थुंकले असते. म्हणून तर सांगते गो. एकटीने नाय जमत."

नलूचा भाऊ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे. तिथे युनियन आहे. तो तिथे लागल्यापासून नलूने युनियनचा धोशा लावला होता. मी दर वेळी तिला उडवून लावायचे. वर्गणी आपली आणि गाडी पुढाऱ्याची. मालकाकडे चहा प्यायचा आणि आमच्याकडे भाषण करायचं. असे मी पाहिले होते, आजही मत बदललेलं नाही. त्या दिवशी मात्र नलूला नाही म्हटलं नाही. घरी आले. राखेने हात घासले. दोनदा घासले.

रात्री जेवताना तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे नवऱ्याचे चुलते. मुंबईला गिरणीत होते. नवरा मुंबईत, त्यामुळे घरात मोठं माणूस तेच. थुंकल्याचं ऐकून ते जेवत राहिले. युनियनचं नाव काढलं तसे ताटावरून उठायला लागले.

"नको गो बाय. आमचं वाटोळं झालं त्यात. संप केला आणि गिरणी गेली. पुढारी राहिले, आम्ही गावाला आलो. तुमचा कारखाना पण बंद पडेल. मग फोड बिया घरात बसून."

"तात्या, गिरणीत तुमच्या तोंडात बॅटरी मारून कोण बघायचं?"

"तोंडात? आमच्या? अंगाला हात लावायची टाप नव्हती कोणाची."

"का नव्हती?"

"युनियन होती ना."

बोलून गेले आणि माझ्यावरच चिडले. आमटीत मीठ नाही म्हणाले. मीठ होतं.

रविवारी माझ्या पडवीत बैठक झाली. नलूने युनियनचे मोरे म्हणून कोणी आणले. उशिरा आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. उभे राहिले आणि जगभरच्या कामगारांपासून सुरुवात केली.

"साहेब, जगाचं मागाहून," मी म्हटलं. "आमच्या गेटाचं बोला."

बायका हसल्या. मोरे खाली बसले. खाली बसल्यावर माणूस बरं बोलतो.

मी त्यांना सगळं तोंडावर विचारलं. पुढारी विकले जातात की नाही? युनियन आली की मालक कुलूप लावतो की नाही? एक मागणी मान्य करून घ्यायची आणि दहा बायकांना घरी बसवायचं, असं होतं की नाही?

"होतं," ते म्हणाले. "विकले गेलेले मी पण पाहिलेत. कुलूप लावणारे मालकही पाहिलेत."

"मग?"

"मग मला एकट्याला केबिनमध्ये पाठवू नका."

हे मला पटलं. भाषण नव्हतं ते. तिथेच ठरलं. मोरे मालकाला भेटतील तेव्हा आमच्यातल्या दोघी बरोबर जातील. दर वेळी वेगळ्या. आत चहा कोणी घ्यायचा नाही. आत जे बोलणं होईल ते बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं. न सांगितलं तर मोरे घरी. आणि सोमवारपासून गेटवर कोणी आ करायचं नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, युनियन आली की कामचोर माजतात. खरं असेल. आमच्यात दोन कामचोर आजही आहेत, युनियन नसताना. दोघी महेशच्या नात्यातल्या. मी हे म्हटलं तेव्हा पडवीत बराच वेळ हसणं चाललं होतं. त्या दोघीही तिथेच होत्या.

सोमवारी सुटी झाल्यावर मी गेटवर पिशवी उघडली. डबा उघडला. पदर झटकला.

"आ कर," महेश म्हणाला.

मी तोंड मिटून उभी राहिले. बॅटरी माझ्या ओठांवर. उजेड डोळ्यांत जात होता. मी डोळे मिटले नाहीत.

"ऐकू येत नाय काय?"

"पिशवी बघितलीस, डबा बघितलास. तोंड माझं आहे. ते बघायचं नाय."

माझ्या मागे नलू. तिनेही उघडलं नाही. तिच्या मागच्या तिघींनीही नाही. महेशने आमची नावं लिहून घेतली आणि जाऊ दिलं. बाकीच्यांनी केलं आ. मी त्यांना नावं ठेवत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी ठेवते. रविवारी माझ्या पडवीत बसून माझा चहा प्यायल्या आणि सोमवारी जीभ वर केली. का केली तेही मला माहीत आहे. गणपती तोंडावर आलेले, चाकरमानी घरी येणार, अशा वेळी काम जाऊन चालत नाही. माझाही नवरा यायचा होता. मलाही चालणार नव्हतं.

दिवेलागणीला महेश घरी आला. चपला बाहेर काढल्या. हातात खोका.

"काकी, आहात काय घरात?"

काकी पुन्हा जिवंत झाली.

खोक्यात काजू होते. आख्खे, मोठे, एकही पाकळी नाही. असे गर आमच्या हातून जातात आणि पुन्हा दिसत नाहीत.

"मालकीणबाईंनी दिलेत. गणपतीच्या नैवेद्याला. आणि मालक म्हणाले, काकींची तपासणी उद्यापासून बंद. तुम्ही जुनं माणूस. झालं ते चुकून झालं."

"बाकीच्यांची?"

"ती होणार. माल जातो ना काकी."

"आणि नलूची?"

तो खोक्याकडे बघत म्हणाला, "तिला उद्यापासून आत घेणार नाहीत. युनियनवाला तिनेच आणला ना. तुम्ही त्यात पडू नका."

म्हणजे हिशेब सरळ होता. माझं तोंड सोडायचं, त्या बदल्यात नलूचं काम घ्यायचं. मी घरात बसून गणपतीला काजू दाखवायचे.

मी खोका ठेवून घेतला. महेशला चहा दिला. तो खूश होऊन गेला. नवऱ्याचा फोन आला, त्याला सांगितलं. "दिलेत तर घे आणि गप्प बस," तो म्हणाला. "सणात तमाशा नको." तात्या पडवीत बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "एकटीला सोडतात ना, ती पहिली पायरी. आमच्यातले असेच एकेक करून नेले." मग आत जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेटवर गेले. नलूला घरून ओढून नेलं. ती येतच नव्हती. खोका उघडला आणि गेटासमोर उभी राहिले. बाई आली की तिच्या हातावर एक गर ठेवायचा.

"मालकीणबाईंनी दिलाय. इथेच खा."

आदल्या दिवशी आ करणाऱ्यांनाही दिला. त्या दोन कामचोरांनाही दिला. काहींनी माझ्या नजरेला नजर दिली नाही, पण खाल्ला. सगळ्या गेटाबाहेर उभ्या राहून चावत होत्या. आत कोणी जात नव्हतं. मशीनं बंद होती.

महेश बाहेर आला. "काकी, हे काय?"

"इथे काकी म्हणू नको. इथे मी कामगार. नलू पहिली आत जाईल, मग आम्ही. संध्याकाळी कोणी आ करणार नाही. आज नाय, उद्या नाय. मालकाला सांग, बोलायचं तर मोरे येतील आणि बरोबर आमच्यातल्या दोघी येतील."

"मालक ऐकायचे नाहीत."

"मग बिया त्यांनी फोडाव्या."

त्याने मागे वळून ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत मालक उभा होता. खोक्यात एक गर उरला होता. मी महेशचा हात धरला आणि तो गर त्याच्या तळव्यावर ठेवला. गोरा, स्वच्छ तळवा.

"खा," मी म्हटलं.

त्याने खाल्ला. एवढ्या बायका बघत असताना दुसरं काय करणार.

मी माझ्या मोबाईलची बॅटरी लावली.

"आता आ कर."