हातातली रोकड आणि मुरुडची गंजी

दुष्काळाचा विषय निघाला की लोक टँकरच्या रांगांबद्दल बोलतात. मला मात्र लातूरजवळच्या मुरुडची एक कडब्याची गंजी आठवते. नोकरीत शेकडो फिर्यादी घेतल्या, पुष्कळ विसरले. ही विसरले नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. मी फौजदार म्हणून नांदेडहून बदलून आले, तर ठाण्यातल्या शिक्क्यावर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव. ठाणे अंमलदार प्रत्येक कागदावर ते खोडून वर हाताने नवं नाव लिहायचे. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. डाळमिली अर्धा दिवस चालत.

अशाच एका मिलचा तरुण मालक मे महिन्यात फिर्याद घेऊन आला. मिल म्हणजे घरचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. वडील ऑपरेशनसाठी सोलापूरच्या दवाखान्यात होते, म्हणून कारभार याच्या हाती आला होता. ऑडिटर येणार म्हणून त्याने तिजोरी उघडली. हिशेबात ‘हाती रोकड’ साठ हजार, तिजोरीत जेमतेम चार. किल्ली एरवी रोखपालाकडेच. नोकराने केलेला अपहार, कलम ४०८.

“मी त्यांच्या मांडीवर वाढलोय मॅडम,” तो म्हणाला. “म्हणून तर जास्त राग येतो. आजच अटक करा.”

त्याच दुपारी मिलसमोरचा चहावाला कुजबुजून गेला, “रोखपाल काका दर बाजाराला मुरुडच्या गाडीत बसतात. तिकडं जमीन घेतली म्हणतात.”

रोखपालांना बोलावलं. साठीचे, टोपी हातात धरून बसले. चोराला बसायला सांगितलं की तो खुर्चीच्या कडेला बसतो. हे ऐसपैस बसले आणि पंखा जरा कमी करायला सांगितला.

“साठ हजार कुठे आहेत?”

“हाय की, बाईसाहेब.”

“तिजोरीत नाहीत.”

“तिजोरीत न्हाईत. पर हाईत.”

“मुरुडला जमीन घेतली?”

ते हसले. “या दुष्काळात जमीन घ्यायला मी काय येडा हाय?”

पुढे काही बोलेनात. हवालदाराने आवाज चढवला, तर म्हणाले, “वरडू नका, घसा सुकंल. पाणी चार दिवसांनी यायलंय.” मीच हसू दाबलं. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा विचारत होते: शनिवारी हमालांचा पगार कोण वाटणार? दुसऱ्यांच्या पगाराची काळजी करणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. पण समजुतीवर केस चालत नाही. संध्याकाळपर्यंत पैशाचा पत्ता लागला नसता, तर मी त्यांना अटक केली असती आणि त्या वयात त्यांचं नाव कायमचं गेलं असतं.

चारच्या सुमारास उत्तरेला ढग आले. सगळं ठाणं अंगणात पळालं, कोठडीतला पाकीटमारसुद्धा गजांना नाक लावून उभा राहिला. रोखपाल खुर्चीवरून हलले नाहीत. चेहरा उतरलेला.

“पडंल का हो, बाईसाहेब?”

“पडू दे की.”

“आज नको,” ते हळूच म्हणाले.

दुष्काळात पाऊस नको असलेला माणूस! माझ्या सासरी जनावरं होती. उन्हाळी सरीने उघड्यावरच्या कडब्याची काय गत होते, हे मला ठाऊक होतं.

“काका, मुरुडला गंजी आहे का तुमची?”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “माझी न्हाई. कंपनीची.”

ढग न बरसताच गेले. दोन पंच, तरुण मालक आणि काका, सगळे जीपमध्ये. मुरुडबाहेर एका खळ्यात मिलची पोती शिवून झाकलेली गंजी उभी होती. काकांनी आता सांगितलं: थोरल्या मालकांनी सुगीत स्वस्तात कडबा घेऊन ठेवला होता, भाव चढला की विकायचा. मुलाला मात्र विकेपर्यंत सांगायचं नाही, असा हुकूम. मुलगा म्हणायचा, आपली मिल आहे, ढोरांचा बाजार नाही.

“मग हिशेबात हाती रोकड कशी लिहिली?” मुलगा कडाडला. “कडब्याला कुणी रोकड म्हणतं का, काका?”

“आवंदा म्हणत्यात, धाकले मालक. नोटा घेऊन फिरा, कडबा मिळंना. कडबा घेऊन फिरा, नोटा मागं लागत्यात.”

“आणि ही बाजू खचलेली का?”

काका पहिल्यांदाच अडखळले. “हमालांची ढोरं उपाशी होती. पेंढ्या दिल्या. पगारातनं थोडंथोडं कापून घेणार होतो.”

मुलगा गंजीजवळ गेला. मग पोत्याचं सुटलेलं टोक त्याने स्वतःच खोचलं.

दुसऱ्या दिवशी कडबा बाजारात नेला. नेमका त्याच आठवड्यात रेणापूरला सरकारी चारा डेपो उघडला होता आणि भाव घसरला होता. छपन्नाचे पन्नासही आले नाहीत.

“माझ्या पगारातनं कापा,” काका म्हणाले.

“हुकूम बाबांचा होता ना? मग तूट बाबांच्या नावावर. हमालांनी नेलेलं धरून,” मुलगा म्हणाला. “तुम्ही शनिवारचा पगार वाटा.”

मी गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून ‘क’ समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टाकडे पाठवला.

ऑडिटरने नंतर मला समजावलं. तिजोरीतले आणि बँकेतल्या चालू खात्यातले पैसे ही रोकड. थोड्या मुदतीची बँकेतली ठेव रोकडीच्या शेजारी बसू शकते, कारण ती मोडली तर किती येणार हे आधीच ठाऊक असतं. त्याहून लांबची मुदत असेल तर ती गुंतवणूक. ज्याचा भाव एका ढगाने किंवा एका डेपोने बदलतो, ते कितीही पटकन विकलं जात असलं तरी रोकड नव्हे. काकांनी पैसा खाल्ला नव्हता, चुकीच्या नावाखाली ठेवला होता. त्यानंतर आर्थिक गुन्ह्यात पैसा कुठे गेला हे विचारण्याआधी मी विचारत असे, तुम्ही पैसा कशाला म्हणता? अर्धा तपास तिथेच उरकायचा.

लातूरला होते तोवर दर मार्चअखेर काका ठाण्याच्या दारात येऊन उभे राहात. न विचारताच हिशेब देत.

“हातात इतके, बँकेत इतके, मुदतठेव इतकी.” मग टोपी सारखी करून, गंभीरपणे, “कडबा निरंक, बाईसाहेब.”