आनंदाबाईचं खुराडं आणि जवाईबापू

नाचणगावात कोणाच्या खुराड्यात रात्रीतून काही घडलं, की सकाळी चहाच्या आधी आनंदाबाईला बोलावणं येतं. बाई येतात, पदर खोचून उकिडव्या बसतात आणि जे काही उरलं असेल ते निरखून पाहतात. मान चावलेली आणि धड तसंच टाकलेलं असेल तर मुंगूस. कोंबडी अख्खी गायब आणि भिंतीवर एखादं पीस, तर बोका. पिसांचा माग थेट वावरापर्यंत गेला असेल तर कोल्हा. अंडं टरफलासकट नाहीसं झालं तर धामण. निकाल दिला की मग जाळी किती बारीक हवी, दगड कुठं ठोकायचा हेही त्या सांगतात, पण रागावून सांगतात, कारण मागच्या खेपेलाही त्यांनी तेच सांगितलेलं असतं.

त्यांच्या स्वतःच्या परसात मात्र मुंगसाची बिशाद नव्हती. खुराड्याच्या बुडाशी दगड, अंगाला जाळी, वर बोराटीच्या काट्या. कोंबड्या मजेत, बदकं त्याहून मजेत. सगळे शत्रू बाईंनी बाहेर ठेवले होते, एक सोडून. तो दिवसाढवळ्या यायचा, दर रविवारी, मोटरसायकलवर. हाडं ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवायचा आणि जाताना पाया पडून जायचा.

जावई हो, दुसरं कोण!

रजत तसा गुणी माणूस. पुलगावात एका पतसंस्थेत नोकरी, दारू नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा नाही, आणि खर्रा न खाणारा जावई आमच्याकडे दिवा घेऊन शोधावा लागतो. लेक वर्षाली जवळ राहावी म्हणून पुलगावचं स्थळ बाईंनीच हट्टानं धरलं होतं. पोरगी जवळ राहिली, तसा जावईही जवळ राहिला. याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

"जवाई दारात आला अन् कोंबडी नाई कापली, तं लोकं काय म्हणतीन?" असं बाईंचे यजमान नत्थूजी दर रविवारी म्हणायचे. लोकं काहीच म्हणत नव्हती. लोकांना रस्साच मिळत नव्हता. तो नत्थूजींना मिळत होता.

"मुंगसाले जाळी लावता येते वं, याले काय लावू?" बाईंनी शेजारच्या कोकिळाबाईला विचारलं.

"तिखट लाव."

"लावलं होतं. घाम पुसत पुसत दुप्पट जेवला. म्हणे, मामी, आज झकास झालं!"

मग बाईंनी फोन करून कळवलं, की कोंबड्यांना मानमोडी आली आहे, या रविवारी येऊ नका. रजत घाबरला आणि औषधाची बाटली घेऊन शनिवारीच आला. कोंबड्या ठणठणीत पाहून त्याला इतका आनंद झाला, की नत्थूजींनी त्या आनंदात एक कापली.

त्यात त्या वर्षी श्रावण आले दोन. अधिकाचा एक, नेहमीचा एक. पुढं एवढे दिवस वशाट नाही म्हटल्यावर आखाडात नत्थूजी आणि जावई असे जेवले की विचारू नका. आखाडाच्या शेवटच्या रविवारी खुराड्यात उरली बदकं, जी नत्थूजींना आवडत नव्हती, अंड्यावर आलेल्या दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि ठिपक्याठिपक्यांची काबरी कोंबडी.

काबरी खुडूक बसली होती, आणि तिच्याखाली बदकीची अंडी होती. बदकीला अंडी घालायची हौस, उबवायचा कंटाळा. आदल्या वर्षीची पिल्लं वावरात चरताना सगळी घारीनं नेली होती, म्हणून बाईंचा जीव या अंड्यांवर होता. काबरी उठली असती तर सगळी अंडी वाया गेली असती.

"काबरीच काप," नत्थूजी म्हणाले. "अंडे तं देऊनच नाई राह्यली. नुसती बसून खाते."

"बसून खाणारे कापाचे म्हटलं, तं सुरुवात कुठून करू?" बाई म्हणाल्या. नत्थूजी जरा लांब जाऊन बसले.

तेवढ्यात मोटरसायकल आली. रजत मदतीला उतावीळ. "मामी, मी काढू का?" असं म्हणत त्यानं खुराड्यात हात घातलासुद्धा, आणि पुढच्या क्षणाला "आयायाया!" करत उलटा बाहेर आला.

"साप! साप!" नत्थूजी काठी शोधायला धावले. काठी त्यांच्या हातातच होती.

आनंदाबाईनं जावयाचं मनगट धरून उलटसुलट पाहिलं. "चोच आहे," त्यांनी निकाल दिला. "काबरी. दोनदा हाणली. बरं केलं."

रजतला चिडायचं होतं, पण खुराड्यातून बारीक आवाज आला. तो वाकला. काबरीच्या पंखाखालचं एक अंडं तडकलं होतं आणि फटीतून चपटी, ओली चोच बाहेर डोकावत होती. तो तिथंच बसला. ताट वाढलं तरी उठेना.

"मामी, हे तं बदक आहे! कोंबडीले माहीत आहे का?"

"तिले सांगू नका," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी जावई मुकाट्यानं वांग्याची भाजी जेवला आणि चार वेळा उठून खुराड्यात पाहून आला. रुसले ते नत्थूजी.

बाई मात्र विचारात पडल्या. दोन श्रावण संपतील, पोळा होईल आणि मग पुन्हा रविवार आहेतच. जाळी याला चालत नाही, तिखट चालत नाही. म्हणून अधिकाच्या महिन्यात धोंड्याला लेक-जावई जेवायला आले, तेव्हा पुरणपोळी झाल्यावर बाईंनी वाण आणून समोर ठेवलं. कोंबड्या ठेवायचं बांबूचं डालगं. आत काबरी आणि तिची सगळी बदकं.

"वाणात कोंबडी?" नत्थूजी ओरडले. "अवं, अनारसे देत असतेत! जाळीदार वस्तू लागते!"

"डालग्याले काय कमी जाळी आहे?"

वाण नाकारता येत नाही. रजत डालगं मांडीवर घेऊन बसला, मोटरसायकल वर्षालीनं चालवली, आणि पुलगावपर्यंत सगळा रस्ता चिवचिवत गेला.

"बोक्याच्याच हाती देली तुनं," कोकिळाबाई म्हणाली.  

मग फोन सुरू झाले. "मामी, भिंतीवर बोका बसून राह्यला. काही करत नाई, नुसता पाहून राह्यला." "मामी, जाळी अजून बारीक भेटते का?" "मामी, झाडावर ससाणा आहे, फोटो पाठवतो." बाईंनी फोटो पाहिला. "ते कबुतर आहे, बापू. कामावर जा."

पोळा झाला. रविवार आला, जावई आला नाही. "कोंबडीपाशी कोण राहीन?" म्हणे. दोन-तीन रविवार असे कोरडे गेल्यावर नत्थूजींनीच धोतर झटकलं. "जवाई येत नाई तं आपण जाऊ. सासरा घरी आला म्हटल्यावर काहीतरी करतीनच."

बाईंनी मनात हिशेब केला. त्या घरात कापण्याजोगी एकच कोंबडी होती.

रजतनं दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. नत्थूजी खुर्चीत ऐसपैस बसले. "काय बापू, काबरी कशी आहे? चांगली भरली असन आता."

"काबरीले... काल मुंगसानं नेलं, मामाजी," रजत म्हणाला. वर्षाली छताकडे पाहू लागली.

"मुंगसानं?" नत्थूजींना खरंच वाईट वाटलं. "अवं वर्षालीची माय, जाय बरं, पाह्य."

बाई परसात गेल्या, पदर खोचून बसल्या. जाळी अशी की मुंगीही अडावी. बुडाशी दगड ठोकलेले. रक्त नाही, पीस नाही. आणि कोपऱ्यात एक टोपलं पालथं घातलेलं, त्यावर हेल्मेट, भोवती बदकं गोल करून उभी, आणि टोपल्याच्या आतून रागीट "कुक्क, कुक्क". मागं जावई हात जोडून उभा होता. डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं.

"काय म्हणते?" आतून नत्थूजींनी विचारलं.

आनंदाबाई उठल्या आणि टोपल्याच्या आड उभ्या राहिल्या. आजवर त्यांचा एकही निकाल चुकला नव्हता.

"मुंगूसच," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "औंदा लयच माजले. वर्षाले, पिठलं टाक वं!"

रजत पाया पडायला वाकला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "जाळी चांगली बसवली, बापू. पण कोंबडी लपवाची असन तं आधी बदकं कोंडा लागते."