दीडशे रुपयांचं खातं आणि मामाचा पत्ता

नवं शतक लागून दोनचार वर्षं झाली होती. मी तेव्हा सिंदेवाहीत एका लहानशा बँकेत कारकून होतो. बँक इतकी लहान, की साहेब शिंकले की कॅशियरच्या नोटा उडायच्या आणि आम्ही चौघं मिळून त्या वेचायचो. एकदा तर शिंकेसरशी एक नोट खिडकीतून बाहेर गेली ती थेट नागभीडला सापडली. पण ते असो.

त्या वर्षी वरून एक योजना आली. साधं बचत खातं म्हणे जुनं झालं, आता लोकांना खास खातं द्या. वर्षाला दीडशे रुपये खात्यातून आपोआप कापायचे आणि त्या बदल्यात काय काय द्यायचं याची यादी चकचकीत कागदावर छापलेली. अपघात विमा. सोनेरी कार्ड. लॉकरच्या भाड्यात सूट. आणि विमानप्रवासात सामान हरवल्यास भरपाई.

आमच्या शाखेत लॉकर नव्हता. सोनेरी कार्ड ज्या यंत्रात घालायचं ते यंत्र चंद्रपूरला. आणि विमान म्हणाल तर धानाच्या बांधीत उभं राहून मान वर केली की दिसायचं, तेही आभाळ मोकळं असलं तर. पण साहेबांना वरून इतकी खाती उघडाच असा आकडा आला होता आणि साहेबांनी तो माझ्या गळ्यात टाकला, कारण माझी जीभ म्हणे तेलातून काढल्यासारखी चालते.

मी आठवडी बाजारात टेबल मांडून बसलो. पहिल्याच दिवशी एक म्हातारबुवा यादी ऐकून म्हणाले, "भाऊ, मागच्या हप्त्यात जीपच्या टपावरून माहं तांदळाचं पोतं पडलं. त्याचे भेटते काय?"

"नाही बाबा. विमानातून पडलं तर मिळते."

"मंग विमानवाल्याले आमच्या गावावरून धीरे न्यायले सांग. आमी पोतं खालून फेकतो वरतं."

अख्खा बाजार हसला. तरी मी खाती उघडली. त्यातलंच एक खातं आपाचं.

आपा बांगड्या विकायची. गावात तिचं घर होतं, घरात सून आणि दोन नाती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती रोज जंगलाकडच्या गावांना पायी जायची. कितीही जाड हात असो, आपा उजव्या अंगठ्यानं तळव्याचा उंचवटा असा काही दाबायची, की बांगडी पाण्यातून गेल्यासारखी मनगटात जायची. एकदा तिनं पैज लावून एका पैलवानाच्या हातात सहा महिन्यांच्या पोरीची बांगडी चढवली होती. पैलवान हे नाकारतो, पण पैलवानांचं काय ऐकायचं!

बसस्टँडजवळ एक टपरीची जागा घ्यायची, हे आपाचं ठरलेलं होतं. त्याच्यासाठीच ती बँकेत पैसे ठेवायची. म्हणून दरवर्षी पासबुकात दीडशेची ओळ दिसली की ती थेट माझ्या खिडकीशी यायची.

"भाऊ, मी तुले पैसे ठेवाले देले, खायले नाई. काऊन कापले?"

"विमा असते ना, आपा. हात-पाय तुटला तर पैसे मिळतात."

"तुह्या तोंडात माती! हात तुटला तं पैसे. अन् नाई तुटला तं?"

"नाही तुटला तर हात राहतो ना."

"तो तं फुकटात बी राह्यला असता."

मी बारा गावच्या लोकांना गप्प केलेला माणूस, आपापुढे मुकाट पासबुकावर शिक्का मारायचो आणि पुढचा नंबर पुकारायचो. तिसऱ्या वर्षी ती खातं साधं करून घ्यायलाच आली. खरं तर मी ते करून द्यायला हवं होतं. पण मार्च महिना होता, साहेबांचा आकडा डोक्यावर होता. मी म्हणालो, "आपा, एवढं एक वर्ष ठेव. माह्यासाठी." माझ्यासाठी म्हटल्यावर ती थांबली. शिव्या देत देत थांबली, पण थांबली.

महिन्याभरात, ऐन मोहफुलाच्या दिवसांत, तिला मामानं धरलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. म्हणून मामा. हिंदू असो, मुसलमान असो, गोंड असो, जो त्या रस्त्यानं चालतो तो मामाच म्हणतो. रस्ता सगळ्यांचा एकच, मामाही एकच.

आपा दोन गावांमधल्या पायवाटेनं येत होती. मामा मोहाच्या झाडामागून आला आणि पेटी सांभाळायला वर केलेला उजवा हात त्यानं तोंडात धरला. पेटी पडली. बारा डझन बांगड्या एकदम दगडावर फुटल्या. तो खळ्ळकन आवाज ऐकून मामा बिचकला आणि हात सोडून पळाला. पुढं पंधरा दिवस तो चालला की जंगलात छुन छुन वाजायचं, कारण हिरव्या काचेची एक बांगडी त्याच्या सुळ्यात अडकली होती. हे मी नाही, लाकडं आणणाऱ्या बाया सांगायच्या. मी फक्त बांगडीचा रंग घातला.

पण आपाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं, यात मी काही घातलेलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला बघून म्हणाली, "आलास? आता सांग, तुटला."

तिची अडचण साधी होती. अंगठ्याशिवाय बांगडी भरता येत नाही. डाव्या हातानं शिकायचं तर वेळ लागणार आणि शिकाऊ हाताशी बाया बसत नाहीत. पेटी घेऊन फिरणं संपलं होतं. टपरी झाली तर सून बसेल, सुनेला ती शिकवेल. टपरीचा मालक म्हणाला होता, दसऱ्यापर्यंत थांबतो, मग पानवाल्याला देतो. साठवलेल्या पैशांतले निम्मे औषधात गेले. वनखात्यानं दवाखान्यापुरती मदत केली, आणि त्यांचा पंचनामा ब्रह्मपुरीच्या वनकचेरीत गेला तो, नक्कल देतो देतो म्हणत, तिथंच बसून राहिला. म्हणजे उरला तो माझा विमा.

मी खाटेशी बसून अर्ज भरला. 'अपघात कसा झाला ते अर्जदाराच्या शब्दांत लिहावे' असा रकाना होता. आपा बोलली तसं लिहिलं: 'मोहाच्या झाडाजवळून जात असता मामाने मागून येऊन उजवा हात धरला.' डॉक्टरांनी दाखला दिला: चावल्याच्या जखमा. पोलीस पाटलानं लिहून दिलं: सदर बाईस मामाने धरल्याचे मी जाणतो. साहेबांनी वाचलं, सही केली. साहेब इथलेच, पाटील इथला, मी इथला. तिघांनी तीनतीनदा वाचलं, एकाच्याही डोळ्याला काही खटकलं नाही.

दीड महिन्यानं विमा कंपनीचं पत्र आलं. मी ते खिडकीत उभ्याउभ्या वाचलं आणि मग स्टूल शोधून बसून वाचलं. 'अर्जदारास त्यांच्या मामाने मारहाण करून चावा घेतल्याचे दिसते. कौटुंबिक भांडणातून झालेली इजा ही अपघात ठरत नाही. तरी पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत, तसेच मामाचे पूर्ण नाव, वय, धंदा व पत्ता कळवावा.'

मी पत्र आपाला वाचून दाखवलं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. इतकी हसली की सून आतून धावत आली. "पंचावन्न वर्षांच्या बाईले मामा चावते म्हन्ते! माहा सगा मामा तं बिचारा बिनदाताचा मेला."

मला त्या हसण्याचा जोर चढला. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. नाव: माहीत नाही. वय: अंदाजे सात. धंदा: शिकार. पत्ता: मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत, पावसाळ्यात बदलतो. अर्जदाराशी नातं: काही नाही. ते तसंच टपालात टाकलं. साहेबांना कळल्यावर त्यांनी मला अर्धा तास झापलं आणि मग दार लावून पाच मिनिटं एकटेच हसले.

खरं उत्तर सोपं होतं. नवा जबाब करायचा, त्यात वाघ लिहायचं, अंगठा घ्यायचा. खात्यावर नमुना होता उजव्या अंगठ्याचा, आणि तो तर जंगलात राहिला होता. पण डावा चालेल, असं साहेबांनी ठरवलं. नवा कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो.

"यात नाव हाय काय त्याचं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची मला जन्माची सवय. त्या दिवशी जमलं नाही. "आहे."

"मंग मी अंगठा नाई देत."

"आपा, कागदावरच्या नावानं कोण येते?"

"तुह्यासाठी खाता ठेवला ना मी? आता माह्यासाठी ते नाव काढ. त्या गावात माही उधारी बसली हाय. उद्या मलेच जा लागते त्या रस्त्यानं. तुले नाई."

पटवायला सून झाली, साहेब झाले, पोलीस पाटीलही झाला. तो तर स्वतः नाव न घेता पटवत होता, म्हणून काही जमलं नाही. धान लावून झालं. दसरा तीन आठवड्यांवर आला. पानवाला टपरीचं माप घेऊन गेला.

तेवढ्यात माझ्या त्या वात्रट उत्तरानं आपलं काम केलं. नागपूरहून विमा कंपनीचा एक तरुण अधिकारी चौकशीला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात माझंच पत्र. आपाला बँकेत बोलावून त्यानं समोर बसवलं.

"बाई, कोणी धरलं?"

"मामानं."

"मामा म्हणजे कोण?"

"मामा म्हन्जे मामा."

"हे जंगल नाही, बँक आहे. इथं तरी नाव घ्या."

"साहेब, तुमी संध्याकाळच्या बसनं नागपूरले जान. मी इथीच हावो."

अधिकाऱ्याचाही स्वभाव चिवट होता. म्हणाला, जागा दाखवा. जीप केली. ड्रायव्हर, अधिकारी, आपा आणि मी. मोहाच्या झाडाखाली अजून काचेचे तुकडे चमकत होते, हिरवे, लाल. अधिकाऱ्यानं एक तुकडा उचलून कागदात बांधला. तेवढ्यात वरच्या फांदीवरून वानर खोकलं, मामा दिसला की खोकतं तसं. ड्रायव्हरनं विडी विझवली.

आणि मामा आला. नाल्यातून वर चढला आणि पायवाट ओलांडून गेला. मी त्याची लांबी बारा हात सांगतो, ड्रायव्हर सहा सांगायचा, तेव्हा नऊ धरा. गेला तो सावकाश, आमच्याकडे न बघता. मी जीपखाली कसा गेलो ते मला आठवत नाही. अधिकारी टपावर कसा चढला ते त्यालाही सांगता आलं नसेल. उभी होती ती एकटी आपा, डावा हात पदरात घट्ट धरून.

बऱ्याच वेळानं टपावरून बारीक आवाज आला, "आपा... गेले का मामा?"

आपानं वर बघितलं. "गेले. उतरा साहेब, तुमचं नाव नाई घेतलं त्यायनं."

गावच्या चहाच्या हॉटेलात त्यानं तीन चहा घेतले, तेव्हा त्याचा पेन नीट चालला. जबाब त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही काही बोलू नका. वाचूही नका. मी लिहिलंय, पाप लागलं तर मला लागेल." मग कागदावर जिथं ते नाव होतं तिथं त्यानं आपला तळवा ठेवला, पुरा झाकून, आणि दुसऱ्या हातानं शाईचं पॅड पुढं केलं. आपानं त्याच्याकडं बघितलं. मग डावा अंगठा उमटवला.

पैसे दसऱ्याच्या चार दिवस आधी आले. लाख नव्हते, अंगठ्याचे आणि एका बोटाचे त्यांच्या कोष्टकात जेवढे बसतात तेवढे. टपरीला पुरले.

त्यानंतर चार-पाच महिने मी बाजारात हाच किस्सा सांगून खाती उघडली. वाघ दर आठवड्याला हातभर वाढत होता. शाळेतले मास्तर, भात संशोधन केंद्रातले बाबू, कापडवाले, अशा लोकांनी दीडशे रुपये दिले, जे उभ्या जन्मात त्या पायवाटेला गेले नाहीत आणि जाणारही नव्हते. साहेब माझ्यावर खूश होते.

मार्चमध्ये आपा खिडकीशी आली. "भाऊ, माहा खाता आता साधा करून दे."

मी हबकलो. "आपा, तू? तुला तर मिळाले ना!"

"भेटले. म्हनूनच टपरीत बसून राह्यली ना मी. आता मले कोन धरते? टपरीत काय उंदीर चावते?" ती खिडकीच्या गजाला टेकली. "तू माहा हात दाखवून सगळ्याइले खाते विकून राह्यला, मले समजते. विक. पन ज्याले जंगलातून जा लागते त्याले विक. मास्तराले काऊन विकते? अन् त्यायले हे बी सांग, पाच महिने लागले. अन् मले मामाच्या समोर उभं राहा लागलं."

या वेळी मी मार्च महिन्याचं काही बोललो नाही. अर्ज काढला. खातं बदलण्याचं कारण असा रकाना होता. काय लिहू, विचारलं.

"लिही, रस्ता बदलला."

तसंच लिहिलं. आठ दिवसांनी अर्ज वरून परत आला: सदर कारण यादीत नाही. मग मी 'पत्ता बदलला' असं लिहून पाठवलं, आणि तोवर पुढचे दीडशे कापले गेले होते ते परत मिळवायला मला आणखी तीन पत्रं लिहावी लागली. त्यात मी मामाचा उल्लेख केला नाही.