माहेरहून आलेली विजेची इस्त्री

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझा थोरला भाऊ सोलापुराहून विजेची इस्त्री घेऊन आला, नवीकोरी म्हणाला. तो तिथं गिरणीत कामाला होता. हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर कुणी जकातीसाठी अडवू नये म्हणून त्यानं ती वाकळेत गुंडाळून आणली होती. अफजलपूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. गुलबर्ग्याला माझ्या सासरी मात्र दोन खोल्यांत दोन बल्ब होते. माझे यजमान अदालतीत कारकून. त्यांना रोज शेरवानी घालून जावं लागे, आणि कोळशाच्या इस्त्रीची ठिणगी पडून एका शेरवानीला भोक पडलं होतं. भावानं ते लक्षात ठेवलं होतं.

बल्ब काढून त्याच्या जागी इस्त्रीची वायर अडकवायची, अशी तेव्हाची रीत. पहिल्या दिवशी सगळं घर भोवती जमलं. मी शेरवानीची एक बाही केली, दुसरी करायला घेतली, आणि भिंतीवरच्या डबीत फट्‌ असा आवाज झाला. फ्यूज गेला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्टुलावर चढून नवी तार बांधली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

"तार बारीक हाय," मामंजी म्हणाले.

त्या आठवड्यात तीनदा फ्यूज गेला. कुणी मला काही बोललं नाही, पण इस्त्री माझ्या माहेरची होती. बटण दाबलं की माझे कान त्या डबीकडे लागायचे. हात तेवढा कापडावरून फिरत राहायचा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, एवढंच विचारायच्या, "गेला का गं?" आणि मला वाटायचं, त्या भावाबद्दलच विचारायल्यात.

चौथ्या वेळी मामंजींनी तार दुहेरी करून बांधली. त्या दिवशी फ्यूज गेला नाही. मी सुस्कारा टाकला आणि चुलीवरचं बघायला उठले. आत्याबाई नुकत्याच अंगण धुऊन आल्या होत्या, पाय ओले होते. शहाबादी फरशीवर उभ्या राहून त्यांनी इस्त्री नीट ठेवायला हात लावला आणि किंचाळून मागं पडल्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं. त्या शुद्धीवर होत्या, पण उजवा हात दिवसभर बधिर राहिला. मी तेल चोळत बसले, तर म्हणाल्या, "रडू नको. मेले न्हाई मी."

मामंजींनी इस्त्री माळ्यावर टाकली. ह्यांनीही तो विषय सोडून दिला. मला मात्र चैन पडेना. भाकरी थापताना, पाणी भरताना एकच विचार. भावानं दिलेल्या वस्तूनं घरातलं माणूस जायचं राहिलं होतं. दोष घरातल्या तारांचा की इस्त्रीचा, हे कळल्याशिवाय मला त्या घरात ताठ मानेनं वावरता येईना.

चार दिवसांनी आत्याबाई आणि मामंजी एका बारशाला गेले. मी माळ्यावरून इस्त्री काढली. मोठं बटण बंद केलं, दुहेरी तार काढून एकेरी बांधली. मामंजींना बांधताना पाहून मला ते जमू लागलं होतं. बटण पुन्हा चालू करून कोरड्या पाटावर उभी राहिले. आधी नुसती वायर लावली, इस्त्री न जोडता. लाकडी पळीनं वायर इकडं तिकडं हलवून पाहिली. काही झालं नाही. मग इस्त्री जोडली आणि लांब उभी राहिले. पाच मिनिटं, सात मिनिटं, आणि फट्‌. पुन्हा तार बांधली, आतल्या खोलीतल्या होल्डरला लावून पाहिली. तिथंही तापेपर्यंत ठीक, तापली की फट्‌. आता शंका उरली नाही. घर निर्दोष होतं.

इस्त्री पार निवू दिली आणि शिलाई मशीनच्या पेचकसानं खोलायला बसले. तेवढ्यात हे कचेरीतून आले.

"काय करायलीस हे?"

"बघायलेय."

"कामून? टाकून दिलं की झालं."

"टाकून दिलं तर माझ्या अण्णानं वाईट वस्तू दिली, एवढंच राहील."

ते खाली बसले आणि पेच गोळा करू लागले. सुटे भाग फडक्यात बांधून आम्ही दोघं चौकात गेलो. तिथं पेट्रोमॅक्स दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांनी तापणाऱ्या तारेखालचा अभ्रकाचा पापुद्रा उजेडात धरला.

"अबरक फूट गया, बेटी. गरम हुई की तार लोहे कू लगतीय." मग स्क्रूची डोकी बघून म्हणाले, "पुरानी है ये. पैले बी कोई खोल्या इसकू."

माझे कान तापले. ह्यांनी ऐकलं होतं. चाचांनी नवं अभ्रक घातलं, दोनदा तपासून दिलं. घरी येईपर्यंत मामंजी बारशाहून परतले होते. दारात मामंजींनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "प्रवासात आतलं अभ्रक फुटलं हुतं. आता नीट हाय."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट ते खोटं मला दिवसरात्र टोचू लागलं.

संक्रांतीला भाऊ आला तेव्हा मी त्याला अंगणात गाठून आत्याबाईंच्या झटक्याचं सांगितलं. "नवी हाय म्हणलास."

तो खाली बघत म्हणाला, "गिरणीतला एक साहेब विलायतेला चाललाय म्हणून त्याच्या घरचं सामान विकायलते. मी दोनदा लावून बघितली, चालली. तुला कोळसा फुंकावा लागू न्हाई म्हणून आणली गं." त्याचे डोळे भरले. "आत्याबाईस्नी झटका बसला, हे मला कुणी सांगितलं न्हाई."

तो गेल्यावर मी आत्याबाईंजवळ जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या गहू निवडत होत्या.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच बघितले की बुडाचे चरे. नवीला चरे असत्यात व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

"तू इतकी आनंदात हुतीस." सूप खाली ठेवून त्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली. "पण तिला हात मी लावणार न्हाई. तूच कर."

इस्त्री पुढं पुष्कळ वर्षं चालली. आत्याबाईंनी शब्द पाळला. मी रोज शेरवानी करायची, पायाखाली पाट घेऊन. फ्यूज पुन्हा कधी गेला नाही, तरी बटण दाबल्यावर पहिली सात मिनिटं मी कुणाशी बोलत नसे.